बाहेरचा रूळ लांब असतो

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून जेवढी उत्तरं असतील, त्याहून जास्त प्रश्न माझ्या साडूंच्या एकट्याच्या डोक्यात आहेत. हे मी अंदाजाने म्हणत नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी बावीस गळीत हंगाम काढले आहेत आणि मोजल्याशिवाय बोलण्याची मला सवय नाही. एकदा शिरूरहून तळेगाव ढमढेऱ्याला जाताना एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते, तेव्हा मी त्यांचे प्रश्न बोटांच्या पेरांवर मोजत गेलो. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली तोवर दोन्ही हातांची पेरं दोनदा संपून वर पाच झाले होते, म्हणजे त्रेपन्न. त्यांत 'घरी सगळे बरे आहेत ना' हा प्रश्न नव्हता. पुढच्या सीटवर एक बाई लेकराला घेऊन बसली होती आणि लेकराच्या हातात गॅसचा फुगा होता. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. आम्ही सगळे पुढे आदळलो, आणि फुगा मागे आला. बाकीचे पन्नास प्रवासी ड्रायव्हरच्या नावाने ओरडत होते, माझे साडू एकटेच उभे राहून म्हणाले, "आवं, सगळी गाडी फुडं गेली, मग ह्यो फुगा मागं का आला?" आणि ड्रायव्हरला विनंती केली, की जमलं तर अजून एकदा तसाच ब्रेक मारा.

बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो. ते मला पंचवीस वर्षं 'पाव्हणं' म्हणत आले आहेत. वय एकसष्ट, शिक्षण नववी, तळेगावात जमीन सव्वादोन एकर. त्यात दोडका, वांगी, कोथिंबीर आणि थोडा कांदा. उंच, वाळके, आणि मान कायम जरा एका बाजूला कललेली, जणू कुणीतरी लांबून काहीतरी सांगतंय आणि यांना नीट ऐकू येत नाहीये. दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात पाच मीटरचा टेप असतो. त्यांच्याशी बोलणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: दाजींना नाव सांगून चालत नाही. वरून टाकलेली वस्तू खाली का पडते, असं त्यांनी गावातल्या एका मास्तरांना विचारलं. मास्तर रुबाबात म्हणाले, "गुरुत्वाकर्षण." दाजी म्हणाले, "त्ये त्याचं नाव झालं, मास्तर. मी नाव न्हाई इचारलं, गाव इचारलं." मास्तरांची बदली त्यानंतर वर्षभरात झाली. दोन्हींचा संबंध आहे असा माझा दावा नाही.

वायरमनचं मात्र मी स्वतः पाहिलं आहे. तो बिलाची थकबाकी बघायला वस्त्यांवरून फिरत होता. दाजींनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "वीज एका तारंनं येती, व्हय ना?" वायरमन म्हणाला, "व्हय." "आन् दुसरीनं माघारी जाती?" "जाती." "जेवढी आली तेवढीच जाती?" "तेवढीच जाती, आप्पा." "मग आमच्यापाशी काय ऱ्हायलं? बिल कशाचं?" वायरमनला वाटलं, बिल बुडवायची ही नवी तऱ्हा आहे. तो तावातावाने उठला, "कनेक्शन तोडीन," म्हणाला. दाजींनी शांतपणे आत जाऊन भरलेल्या बिलाची पावती आणून दाखवली. "भरलंय की. ह्ये निस्तं माहितीसाठी इचारतोय." थकबाकीदाराशी कसं बोलायचं हे वायरमनला शिकवलेलं असतं, बिल भरून वर असं विचारणाऱ्याशी कसं बोलायचं हे शिकवलेलं नसतं. तेव्हापासून तो त्या वस्तीवर जाताना दाजींचं घर टाळून ओढ्याच्या बाजूने जातो. ते अंतर पाऊण किलोमीटरने जास्त आहे.

डॉक्टरही सुटले नाहीत. शिक्रापुरात एका दवाखान्यात मी त्यांना तपासायला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबायला घेतला आणि दाजी म्हणाले, "डॉक्टर, माझी पाच हॉर्सपॉवरची मोटार इहिरीतनं पानी वर चढवती आन् दर दोन वर्सांनी जळती. ह्ये काळीज साठ वर्सं डोस्क्यापतूर रगात चढवतंय. ह्याचं वायंडिंग कशाचं हाय?" डॉक्टर हसले, मग थांबले, मग खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर सतरा पेशंट बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी दाजींचं ब्लडप्रेशर तपासलं आणि मग स्वतःचंही तपासून घेतलं.

मला त्यांनी कसं गाठलं तेही सांगतो, कारण ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. हंगाम चालू होता आणि दाजी मला भेटायला काट्यावर आले होते. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह काट्यावर उभा होता आणि ड्रायव्हरने तिथेच बसून चहा मागवला. दाजी म्हणाले, "पाव्हणं, चहाचा कप वर गेला. वजन वाढलं का?" मी म्हणालो, "वाढलं, पण काट्याला कळणार नाही. आमचा काटा दहा-दहा किलोने बोलतो. पाचाच्या खालचं तो सोडून देतो."

"म्हंजी चार किलो वर ठिवलं तर हायेत, पन न्हाईत?"

"कागदावर नाहीत."

"आन् ट्रॉलीवर?"

"ट्रॉलीवर आहेत."

"मग खरं कोन?"

एवढं विचारून ते चहा पिऊन निघून गेले. मी पुढचे चार दिवस प्रत्येक पावतीवर सही करताना ट्रॉलीकडे एकदा आणि कागदाकडे एकदा बघत होतो. बावीस हंगामांत माझ्या हिशेबात एका आकड्याची चूक कुणी काढलेली नाही, पण त्या चार किलोंचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

या माणसाला आयुष्यात एकच श्रोता बरोबरीचा मिळाला, आणि ती त्यांची एकुलती एक मुलगी, रोहिणी. तिचं नाव त्यांनी आकाशात बघून ठेवलं. ती शाळेत होती तेव्हा तिच्या कंपासपेटीतला कोनमापक घरात कुणाला सापडत नसे, कारण तो दाजींच्या खिशात टेपशेजारी असे. कांद्याचा ढीग घातला की त्याचा उतार ठरावीकच होतो, वरून कितीही कांदे टाका, तो पसरेल पण जास्त उभा होणार नाही, हे बापलेकीने शोधून काढलं होतं. मग बाजरीचा ढीग घातला, मग वाळूचा. एका आठवडी बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो दारात येऊन हॉर्न वाजवत होता आणि ही दोघं ढिगापाशी गुडघ्यांवर बसून कोन मोजत होती. आक्का, म्हणजे दाजींच्या मंडळी, अजून सांगतात, "लोकं ढीग इकत्यात. ह्यांनी उतार मोजला, आन् टेम्पो गेला दुसऱ्याच्या दारात."

रोहिणी पुढे शिरूरला बी.एस्सी. झाली आणि शिक्रापूरजवळच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागली. लोखंडाचे तुकडे यंत्रात ताणायचे आणि ते किती भाराला तुटतात ते लिहायचं, हे तिचं काम. कंपनीची बस तिला साडेसहाला फाट्यावर सोडायची. तोंड धुऊन, चहाचा कप घेऊन ती ओट्यावर येऊन बसायची आणि दाजी दिवसभर साठवलेलं एकेक बाहेर काढायचे. दोडक्याच्या वेलाचा आधार पकडणारा ताणा आधी एका अंगाने वळतो आणि मध्येच उलटा का वळायला लागतो? हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट का लागतं? नऊचा पाढा कितीही लांबवर म्हटला तरी आकड्यांची बेरीज पुन्हा नवावरच का येते? ती 'आण्णा, मी दमलेय' असं कधी म्हणाली नाही. अर्ध्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि उरलेल्या अर्ध्यांना म्हणायची, "बघूया." हे 'बघूया' म्हणजे टोलवाटोलवी नसे. पुढच्या रविवारी आक्कांच्या स्वयंपाकघरातली तीन-चार भांडी खरोखरच त्या कामी लागलेली असत.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. पण मुलगी एकोणतिसाव्या वर्षात गेली आणि तीन स्थळं मोडली, तेव्हा ते गोड राहिलं नाही.

पहिलं स्थळ पुण्याचं, इंजिनियर मुलगा. बैठक चांगली चालली होती. मुलगा चहात साखर ढवळत होता, आणि गाळणीतून निसटलेला चहाचा चुरा कपाच्या तळाशी मधोमध गोळा झाला. दाजी म्हणाले, "ढवळलं की गाळ भायेर फेकला जायला पायजे. त्यो मधी कसा काय जमला?" मुलगा ऐटीत म्हणाला, "सेंट्रिफ्युगल फोर्स, काका." "त्ये तर भायेर ढकलतं," दाजी म्हणाले. मुलाने परत ढवळलं, परत चुरा मध्ये. तिसऱ्यांदा इतक्या जोरात ढवळलं की अर्धा कप त्याच्या पांढऱ्या पँटवर आला. त्याचे मामा म्हणाले, "आम्ही मुलगी बघायला आलोय, परीक्षेला नाही बसलो." दुसऱ्या स्थळाला दाजींनी आरशाचं विचारलं: आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग वर-खाली का होत नाही? पाहुण्यांकडची सात माणसं आळीपाळीने आरशासमोर उभी राहून हात वर करत होती, त्यांत मुलाची आजीसुद्धा होती, आणि रोहिणी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात ताटकळत होती. तिकडून नंतर निरोप आला की घराणं चांगलं आहे, मुलगी चांगली आहे, पण. त्या 'पण'पुढे काही नव्हतं. तिसऱ्या स्थळाच्या लोकांनी आधी गावात चौकशी केली आणि ते आलेच नाहीत.

रोहिणीने वडिलांना एका शब्दाने दोष दिला नाही. पण एका रविवारी ती शिरूरला आमच्याकडे आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "मावशी, दौंडचं एक स्थळ आहे. आनंद नाव आहे. आत्तेबहिणीच्या लग्नात भेटला होता, नंतर दोनदा बोललो आम्ही. मला आवडलाय." मग ओढणीच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "मला हे मोडायला नकोय. आणि आण्णांना गप्प बसा असं मला म्हणवत नाही." माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. काट्यावरच्या माणसाला नजरेचं वजन कळतं. मी तळेगावला गेलो.

दाजी वांग्याच्या वाफ्यात वाकले होते. मी आडवळणाने सुरुवात केली, पण त्यांनी मला मध्येच तोडलं. "पाव्हणं, खरं सांगा. तिन्ही स्थळं माज्यामुळं मोडली का?" त्यांनी आयुष्यभर विचारलेल्या प्रश्नांत ज्याचं उत्तर मला नक्की माहीत होतं असा हा एकच. खोटं बोलायचं मनात आलं, पण जमलं नाही. "तिनांतली दोन," मी म्हणालो. "तिसरे आलेच नाहीत, त्यामुळे ते धरता येत नाही." त्यांनी हातातलं वांगं पाटीत टाकलं. मग म्हणाले, "दौंडात माज्या तोंडातनं एक सवाल भायेर न्हाई पडायचा. रोहिणीची शपथ." तरीही घरच्यांनी खबरदारी म्हणून मला दाजींच्या शेजारी बसायचं ठरवून दिलं. त्यांनी तोंड उघडलं की माझ्या गुडघ्याने त्यांचा गुडघा दाबायचा.

मुलाच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून मुलीला घेऊन आम्हीच दौंडला गेलो: दाजी, आक्का, रोहिणी, मी आणि माझी बायको. आनंद रेल्वेत सहायक लोको पायलट, म्हणजे इंजिनात मुख्य ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा. रेल्वे कॉलनीत त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर. वडील रुळांच्या दुरुस्तीवर चौतीस वर्षं काम करून मुकादम म्हणून निवृत्त झालेले, आई, आणि एक चुलते. जयभीम-नमस्कार झाले, पाणी झालं, पोहे झाले. आनंद सावळा, शांत, फारसा न बोलणारा. मला बरा वाटला.

आता अशा बैठकीत एक पद्धत असते. मुलाकडच्यांनी म्हणायचं, 'विचारा काय विचारायचं ते,' आणि मुलीच्या बापाने मुलाला चार गोष्टी विचारायच्या: ड्युटी कशी असते, सुट्टी किती, बदली कुठे होईल. उत्तरं सगळ्यांना आधीच माहीत असतात. पण बापाने विचारलं म्हणजे त्याला रस आहे, आणि न विचारलं म्हणजे मनातून नापसंत आहे, असा अर्थ धरला जातो. आम्ही दाजींचे प्रश्न बंद करताना हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मुकादम म्हणाले, "विचारा, भाऊसाहेब. मोकळेपणाने विचारा."

दाजी म्हणाले, "काय न्हाई."

"तसं कसं? पोराची ड्युटी, पगारपाणी..."

"काय न्हाई, काय न्हाई."

मी घाईघाईने बेसिक किती, ग्रेड पे किती, विचारलं. आनंदने नीट उत्तरं दिली. पण मुकादमांची नजर दाजींवरून हलत नव्हती. तेवढ्यात क्वार्टरच्या मागून मालगाडी गेली. खिडकीच्या काचा थरथरल्या, टीपॉयवरचे कागदी कप हळूहळू कडेकडे सरकायला लागले. दाजींची मान कलली. कपाळावर घाम आला. ओठ हलले आणि मी गुडघा दाबला. त्यांनी डोळे मिटून घेतले. पाहुण्यांनी बघितलं ते एवढंच, की मुलीचा बाप त्यांच्या घरात डोळे मिटून, तोंड घट्ट दाबून बसला आहे.

आतल्या खोलीत मुलाची आई माझ्या बायकोला म्हणाली, ते मला दारातून ऐकू आलं. "ताई, आमचं क्वार्टर लहान आहे, माहितीये आम्हाला. पण पसंत नसेल तर तोंडावर सांगावं. असं मुक्यानं बसू नये." चुलते घड्याळ बघून उठले. "बरंय मग. घरात बोलतो आणि कळवतो."

हे 'कळवतो' आम्ही यापूर्वी ऐकलेलं होतं. रोहिणी दारात उभी होती. तिचा चेहरा पडलेला नव्हता, फक्त हाताची बोटं एकमेकांत इतकी घट्ट गुंतवली होती की नखं पांढरी पडली होती. ती लॅबमध्ये रोज बघते ते मला त्या क्षणी दिसलं, कुठली गोष्ट किती ताणाला तुटते ते. मी गुडघा काढून घेतला. "दाजी," मी म्हणालो, "विचारा."

"शपथ हाय, पाव्हणं."

"माझीच ना?" रोहिणी दारातून म्हणाली. "मी सोडवली. विचारा, आण्णा."

दाजींनी डोळे उघडले, आणि आनंदकडे वळून, चौतीस वर्षांचा मुकादम, चुलते, आम्ही सगळे जणू खोलीत नाहीच असं समजून म्हणाले, "बैलगाडीची चाकं आखावर मोकळी फिरत्यात. तुमच्या रेल्वेची दोन्ही चाकं आखाला घट्ट बसवल्याली. म्हंजी जेवढं फेरं एक घेणार तेवढंच दुसरं घेणार. बरुबर?"

"बरोबर," आनंद म्हणाला.

"आता दौंडाच्या भायेर गाडी मनमाडकडं वळती. वळणावर भायेरचा रूळ लांब, आतला आखूड. फेरं सारखंच, पन वाट कमीजास्त. मग एक चाक फरफटत जात आसंल का?"

निघायला उठलेले चुलते तसेच उभे राहिले. मुकादम म्हणाले, "वळणावर बाहेरचा रूळ आम्ही उंच ठेवतो, भाऊसाहेब."

"त्यानं गाडी कलंडत न्हाई, मान्य. पन लांबी कशी भरून निघती?"

मुकादमांनी मुलाकडे बघितलं. चौतीस वर्षं त्या रुळांवरून चाललेला माणूस, त्याला पहिल्यांदाच कुणी हे विचारलं असावं. मी आनंदकडे बघत होतो. आता हा काहीतरी इंग्रजी शब्द फेकतो आणि सगळं संपतं, असं मला वाटलं. आनंद पुढे सरकून बसला. मग म्हणाला, "मी रोज त्या वळणावरून जातो. हे मला माहीत नाही." आणि चपला पायात घालत म्हणाला, "कॉलनीच्या बागेत जुन्या चाकांची जोडी शोभेला ठेवलीय. चला, बघूया."

'बघूया' ऐकून आक्कांनी लेकीकडे बघितलं. लेक दुसरीकडे बघत होती.

आनंद, दाजी आणि मी बागेत गेलो. चाकांना गेरूचा रंग दिला होता आणि आखावर कबुतरं बसत असल्याच्या खुणा होत्या. दाजींनी टेप काढला. पण आनंदने आधी चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या भागावरून तळहात फिरवला, एकदा, दोनदा. "काका, हात लावा. हे सपाट नाहीये. आतल्या बाजूला जाड आहे, बाहेर बारीक होत गेलंय." दाजींनी हात लावला. मग मी लावला. खरंच उतार होता, अगदी थोडा. दाजींनी आतल्या अंगाला टेप गुंडाळून घेर मोजला, मग बाहेरच्या अंगाला, आणि दोन्ही आकडे मला लक्षात ठेवायला सांगितले. परत येताना ते दर दहा पावलांवर वळून चाकांकडे बघत होते.

घरी मुकादम अस्वस्थ होऊन बसले होते. "काय निघालं?" त्यांना चालत बागेत येता आलं नव्हतं. आनंदने सांगितलं, पण हातवाऱ्यांवरून त्यांना समजेना. तेव्हा रोहिणी पुढे आली. तिने टीपॉयवरचे दोन रिकामे कागदी कप उचलले, तोंडाला तोंड लावलं आणि इकडेतिकडे बघितलं. मुकादमांनी स्वतःच्या औषधांच्या पिशवीतून बँडेजची चिकटपट्टी काढून दिली. आता रूळ हवे होते. मुलाच्या आईने खुर्ची सरकवली, वर चढली आणि खिडकीच्या पडद्याच्या दोन दांड्या काढून खाली दिल्या. पडदे अजून एका दांडीला लोंबत होते. रोहिणीने दांड्या जवळजवळ ठेवून एका बाजूने किंचित उचलल्या आणि कपांची ती जोडी मुद्दाम वाकडी ठेवून सोडली. जोडी घरंगळली, एका बाजूला कलली, सावरली, दुसरीकडे कलली, परत सावरली आणि टोकापर्यंत गेली. पडली नाही.

"वळणावर चाकं जरा बाहेर सरकतात," रोहिणी मुकादमांना सांगत होती, "म्हणजे बाहेरचं चाक जाड भागावर चालतं, आतलं बारीक भागावर. फेरे सारखेच, पण जाड चाकाची वाट लांब."

"परत सोड," मुकादम म्हणाले. तिने परत सोडली. त्यांनी ती चौदा वेळा सोडायला लावली. मी मोजत होतो. नवव्या वेळेनंतर आनंद जमिनीवर तिच्याशेजारी बसून दांड्या धरत होता. चुलते म्हणाले, "अहो, पण मग कळवायचं काय यांना?" मुकादम कपांवरून नजर न काढता म्हणाले, "कळवायचं कुणाला? सगळे इथंच आहेत की."

लग्न चार महिन्यांनी शिक्रापूरच्या एका हॉलमध्ये झालं. वंदना झाली, मंगल परिणय झाला, जेवणं झाली. सगळं वेळेत आणि व्यवस्थित. त्या दिवशी दाजींनी कुणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायचा आग्रह करत फिरत होते, आणि अधूनमधून स्टेजकडे बघत होते.

जावई चांगला आहे. रोहिणीने दौंडहून जवळ पडेल अशी दुसरी नोकरी शोधली आहे. ती फोन करते, तोही करतो. पण दाजी स्वतःहून तिला फारसा फोन करत नाहीत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "तिला आता तितलं घर हाय. शिफ्टीनं येणाराचं जेवान आसतं, सासऱ्याचा गुडघा आसतो. आपन कशाला तिच्या डोक्यात किडं सोडायचं?" आक्का सांगतात की कंपनीची बस अजून साडेसहालाच फाट्यावर थांबते आणि त्या वेळी दाजी ओट्यावर नसतात. मुद्दाम वाफ्यात काहीतरी काम काढतात.

गेल्या महिन्यात रोहिणी चार दिवस माहेरी आली होती. तिला परत सोडायला दाजी आणि मी माझ्या गाडीने दौंडला गेलो. चहा झाला, मुकादमांशी गप्पा झाल्या. निघताना ती गाडीपाशी आली, खिडकीतून वडिलांच्या शर्टाची कॉलर सरळ केली, "जपून जा, काका," असं मला म्हणाली आणि आत गेली. आम्ही भीमेचा पूल ओलांडून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. दिवस मावळत होता. दाजी पुढच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. दहा किलोमीटर गेले, पंधरा गेले. पंचवीस वर्षं ज्याच्या प्रश्नांपासून मी सुटका शोधत आलो, तो माणूस शेजारी गप्प बसला होता आणि ती शांतता मला पेलवेना. उजव्या हाताला उसाच्या शेंड्यांवर पौर्णिमेचा चंद्र आला होता, तांबूस, परातीएवढा.

मी म्हणालो, "दाजी, चंद्र बघा. आपण साठच्या वेगाने चाललोय. झाडं मागे पडतायत, विजेचे खांब मागे पडतायत. हा एकटाच आपल्याबरोबर कसा काय येतो?"

उत्तर मला माहीत होतं. त्यांनाही असणार. दाजी पुढे वाकले आणि त्यांनी माझ्या बाजूच्या काचेतून बाहेर बघितलं. मान एका बाजूला कललेली होती.

"येऊ द्या, पाव्हणं," ते म्हणाले. "तेवढीच सोबत."

मी गाडीचा वेग पन्नासवर आणला, मग चाळीसवर.